शेरा : खाली

नांदेड,
१२ जानेवारी १९८६

चि. पारूस,
दादाचा सप्रेम जय भीम.

तू पाठवलेलं तेल संपलं. गुडघा होता तसाच आहे. तेलाच्या वासामुळे ऑफिसात माझ्या टेबलाजवळ कोणी फार वेळ थांबत नाही, एवढाच फायदा झाला.

एकतीस मार्चला मी नगरपालिकेतून रिटायर होतो. बत्तीस वर्षं घरपट्टी वसूल केली. ह्या गावात असं दार नसेल ज्याची कडी मी वाजवली नाही आणि आतून घरच्याच माणसाने "घरी कोणी नाही" म्हणून सांगितलं नाही. इतक्या पावत्या फाडल्या, पण एकीवरही माझं नाव नाही, कारण मी कायम किरायाच्या खोलीत. नवीन आलो तेव्हाचं तुला ठाऊक आहे. पाटी पाहून जायचो आणि नाव सांगितलं की ती खोली तेवढ्यात भरलेली निघायची. अशा सतरा खोल्या भरल्या. बापूसाहेबांनी मात्र नाव विचारायच्या आधी किल्ली हातात ठेवली, आणि नाव ऐकल्यावर परत मागितली नाही. तेव्हापासून त्यांच्या माडीवर आहे. धुरपता लग्न होऊन इथेच आली आणि दोन वर्षांमागे इथूनच गेली. लेक हिमायतनगरला तिच्या संसारात रमली आहे.

आता बापूसाहेब मुलाकडे हैद्राबादला निघालेत आणि वाटणी करून ही माडी वेगळी विकणार आहेत. पहिला हक्क मला दिलाय. इसार मार्च संपायच्या आत द्यायचा.

तू म्हणशील, दादा, माझ्याकडे ये. ते नको. पाहुणा म्हणून महिनाभर येईन, पण राहीन तर माझ्या घरात आणि पावतीही माझ्या नावाची हवी. ही एक हौस राहिली आहे, तिला हसू नको. मात्र लातुरात एखादं घर मिळत असलं तर पाहायला माझी ना नाही. तू तिथे एकटी, मी इथे एकटा, ह्यात कोणाचं काही भलं होत नाही.

अट एकच. दोन्ही गावांची घरपट्टी शेजारीशेजारी मांडल्याशिवाय मी ठरवणार नाही. घराला वर्षाला किती भाडं येईल ते धरतात आणि त्यावर पट्टी बसवतात. तुमचं लातूर जिल्हा झाल्यापासून भाडी भडकली असणार, म्हणजे पट्टीही. बापूसाहेबांच्या दोन खोल्यांना वर्षाला शहाण्णव रुपये आहेत, त्यात एकोणीस पायऱ्या फुकट. तुझ्याकडे दोन खोल्यांना काय पडतं ते चौकशी करून कळव. आणि ख नीट लिही. मागच्या पत्रातला 'खोकला' मी 'रवोकला' वाचला. गावच्या रेणा नदीच्या वाळूत बोट धरून शिकवलं तेव्हापासून तुझा ख फुटलेला, तो अजून सांधला नाही.

तुझा,
केरबादादा

⁂

लातूर,
२१ जानेवारी १९८६

ती. दादास,
पारूचा सविनय जय भीम.

पत्र पोचलं. जगात माणसं घर घेताना पाणी बघतात, शेजार बघतात. माझा दादा पट्टी बघून राहिलाय. हसू नको म्हणालास म्हणून तोंडाला पदर लावून हसले.

पण काम चोख केलंय. दवाखान्यातली पाळी संपल्यावर नगरपालिकेत गेले. घरपट्टीच्या टेबलावर बसवराज नावाचा कारकून आहे. तो माझ्याच हातात जन्मला. पायाळू होता, पाय आधी आणि डोकं मागून. अजूनही प्रत्येक काम तो त्याच क्रमाने करतो. मला पाहून उठून उभा राहिला आणि म्हणाला, "सिस्टर, भावाला सांगा, हितं पट्टी लई न्हाई, पर पानीबी न्हाई." खरंच आहे ते. यंदा नळ आठ दिवसांनी येतो. नळाचा आवाज झाला की वॉर्डातल्या ओल्या बाळंतिणीसुद्धा ताठ उठून बसतात. तुझ्या गोदावरीचा तोरा मिरवू नको, आमच्याकडे कलेक्टर आहे. कलेक्टरच्या मागून कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांच्या मागून साहेब आले आणि आता माणसाला राहायला खोली मिळत नाही. आमचा नवा डॉक्टर तीन महिने लॉजवर राहून राहिलाय.

तरी एक घर आहे. माझ्या घराला लागूनच. माझं घर तू पाहिलेलंच नाहीस, वहिनीच्या दुखण्यात पाच वर्षं तुला नांदेड सोडता आलं नाही आणि नंतर तुझा पाय निघाला नाही, म्हणून नीट सांगते. पुढे ओटा, मागे मोरी, अंगणात कडुलिंब. दोन खोल्या आहेत आणि खाली आहेत. घरपट्टी वर्षाला अडतीस रुपये. अडतीस. मी अक्षरी पण लिहिते, नाहीतर तू म्हणशील पारूचे आकडेही फुटलेले.

बापूसाहेबांना सांग, घाई करू नका.

तुझी,
पारू

ता. क. ख नीट काढायचा प्रयत्न केलाय. कसा वाटतो?

⁂

नांदेड,
१ फेब्रुवारी १९८६

चि. पारूस,
जय भीम.

ख वाईट आहे. बाकी पत्र चांगलं आहे.

खोल्या खाली आहेत हे वाचून माझ्या गुडघ्याने निम्मं दुखणं तिथल्या तिथे सोडलं. पायरी चढायची नाही हीच मोठी गोष्ट. पण वर कोण राहतं ते तू लिहिलं नाहीस. वर पोरांचं बिऱ्हाड असलं तर दिवसभर डोक्यावर उखळ कुटल्यासारखं होतं. त्यांचा जिना कुठून आहे, आपल्या ओट्यावरून तर नाही ना? हे आधी कळव.

दुसरं असं की अडतीस रुपये मला पटत नाहीत. ओटा, मोरी, अंगण, कडुलिंब, जिल्ह्याचं गाव, आणि पट्टी अडतीस? पारू, तुझा तो घरमालक लबाड आहे. बत्तीस वर्षांत मी ही जात पुरती ओळखली. मोजणीच्या दिवशी पलंग बाहेर काढून आत म्हैस बांधणारे आणि 'हा गोठा आहे' म्हणणारे मी पाहिलेत. एका म्हशीला मी चार घरांत ओळखलं होतं. तुझ्या ह्या गृहस्थाने काहीतरी लपवलंय आणि उद्या फेरआकारणी झाली की ते माझ्या गळ्यात पडेल. त्याचं नाव काय, धंदा काय? आणि तू उतरवून घेतलेले आकडे नकोत, पावती पाठव.

बापूसाहेबांना थांबा म्हणून सांगितलंय. ते म्हणाले, "बत्तीस वर्षं थांबलो, महिनाभर अजून थांबू."

दादा

⁂

लातूर,
११ फेब्रुवारी १९८६

ती. दादास,
सविनय जय भीम.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा ओट्यावर, एकदा ड्यूटीवर आणि एकदा शेजारच्या गुरुपादप्पांना वाचून दाखवताना. तिन्ही वेळा हसू आवरलं नाही.

वर कोणी राहत नाही. वर पत्रे आहेत, पत्र्यावर आभाळ आहे आणि आभाळात यंदा काही नाही. जिनाबिना काही नाही.

आणि घरमालक नाही, घरमालकीण आहे. ती लबाड नाही. हट्टी आहे, बोलायला तिखट आहे, पण तिने कुठल्याही खोलीत म्हैस बांधलेली नाही. मी तिला फार जवळून ओळखते. सौदा ठरेपर्यंत नाव सांगू नको म्हणते, एवढंच. असतात काही बायका तशा.

गुरुपादप्पा म्हणतात, "येऊ द्या की तुमच्या दादाला. आमी पानी वाटून घेऊ. अन् पट्टीचं काय घेऊन बसले वो, मानूस शेजारी पायजे."

सोबत यंदाची पावती पाठवते. तिच्यावर वरच्या बाजूला पाणी सांडलं, त्यामुळे नाव आणि त्यापुढचा शेरा पुसला गेलाय. रक्कम स्वच्छ वाचता येते. अडतीसच आहेत, बघ.

तुझी,
पारू

⁂

नांदेड,
२२ फेब्रुवारी १९८६

चि. पारूस,
जय भीम.

पावती मिळाली. एक शंका आहे. तुमच्याकडे नळ आठ दिवसांनी येतो. हंड्याला फडकं बांधून ठेवतेस, तोंड धुतलेलं पाणी कडुलिंबाला घालतेस, हे तूच मागे एका पत्रात लिहिलं होतंस. मग पावतीवर सांडायला तुला पाणी कुठून मिळालं? आणि ते सांडलं तरी नेमकं नावावर आणि शेऱ्यावर सांडलं, आकड्यावर एक थेंब नाही. असं शिस्तीचं पाणी मी माझ्या नोकरीत पाहिलं नाही.

तू त्या बाईला पाठीशी घालते आहेस. तुझा स्वभाव भोळा आहे, कोणी गोड बोललं की तुला ते आपलं वाटतं. म्हणून मी तुझ्या त्या बसवराजला स्वतंत्र पत्र घातलंय. एका गावच्या घरपट्टी कारकुनाने दुसऱ्या गावच्या कारकुनाला लिहिलं म्हणजे तो नाही म्हणत नाही. त्या घराचा सात वर्षांचा उतारा मागवलाय.

मला लातूरला यायचं आहे, पारू. ते मी लपवत नाही. परवा एकोणीस पायऱ्या चढून वर आलो आणि दाराशी आल्यावर हाक मारली, "पाणी दे गं." मग आठवलं, आत कोणी नाही. पण भावनेच्या भरात घर घेतलं म्हणून पुढे कोणाला बोट दाखवायला जागा नको. कागद स्वच्छ असेल तर मी येतो. नसेल तर इथेच बरा.

दादा

⁂

लातूर,
३ मार्च १९८६

ती. दादास,
सविनय जय भीम.

बसवराजला कशाला लिहिलंस? तो पायाळू आहे म्हणून सांगितलं होतं ना तुला.

कागद राहू दे. दोन दिवसांची रजा काढ, एसटीत बस आणि घर डोळ्यांनी बघून जा. नाही आवडलं तर मी पुन्हा एक शब्द काढणार नाही. पण ते न बघता इसार देऊ नको, एवढं माझं ऐक. मी तुझ्याजवळ आजवर काही मागितलं नाही. हे मागते.

तुझी,
पारू

⁂

नांदेड,
२० मार्च १९८६

चि. पारूस,
जय भीम.

मार्चअखेर आहे. वसुलीच्या महिन्यात मला रजा देणारा साहेब अजून जन्मायचा आहे. आणि आता येण्याची गरजही राहिली नाही. आज उतारा आला.

बसवराज मुलगा कामाचा आहे. सात वर्षांचं सगळं स्वच्छ उतरवलंय. मालकाच्या नावाच्या रकान्यात तेवढी रेघ मारली आहे, आणि शेऱ्याच्या रकान्यात सातही वर्षं एकच शब्द आहे. 'खाली.'

पारू, मी निजामाच्या शाळेत उर्दूत शिकलो. बत्तीस वर्षं माझ्या हाताने रिकाम्या घरांपुढे हाच शब्द लिहीत आलो. मकान खाली, म्हणून पट्टीत सूट. आणि तू 'खोल्या खाली आहेत' लिहिलंस तेव्हा मी गुडघ्याने वाचलं. मला वाटलं, तळमजला. तूही बरी, 'वर आभाळ आहे' म्हणून मजा बघत बसलीस.

तर आता हिशेब ऐक. घर रिकामं आहे म्हणून दोन तृतीयांश सूट आहे, म्हणून अडतीस. माणूस राहायला आला की सूट गेली आणि पट्टी एकशे चौदा. नांदेडला शहाण्णव. नांदेड अठरा रुपयांनी स्वस्त आहे, आणि इथे नळाला पाणी आहे.

आणि ती तुझी घरमालकीण लबाड नाही हे मी मान्य करतो. ती मूर्ख आहे. जिल्ह्याचं गाव, डॉक्टर लॉजवर पडलेला, साहेब लोक दारोदार खोली शोधतायत, आणि ही बाई सात वर्षं दोन खोल्या रिकाम्या ठेवते. दर सहा महिन्यांनी कचेरीत जाऊन अर्ज देते की माझ्या खोल्या खाली आहेत. असे चौदा अर्ज. अशा बाईशी व्यवहार करून मला माझं म्हातारपण वाया घालवायचं नाही.

उद्या सकाळी खाली उतरून बापूसाहेबांना इसार देतो. वाईट वाटून घेऊ नको. महिनाभर पाहुणा म्हणून येईन, ते कबूल आहे.

दादा

⁂

तार
नांदेड, २१ मार्च १९८६

आधीचे पत्र वाचू नये. इसार दिला नाही. खोली खाली ठेव. दादा

⁂

नांदेड,
२१ मार्च १९८६

पारू,

तार केली, तरी ते पत्र तू वाचणारच, मला माहीत आहे. त्यातला एक शब्द खोडून टाक. कुठला ते तुला कळेल.

आज सकाळी पैसे धोतराच्या सोग्यात बांधून निघालो. सातव्या पायरीवर गुडघ्याने कळ दिली म्हणून टेकलो. बसल्या बसल्या तो उतारा पुन्हा काढला, तेव्हा दिसलं की मागे टाचणीने आणखी एक कागद लावलाय. तुझ्या बसवराजने उताऱ्यात नाव लिहिलं नाही, ते त्याने मोठ्या इमानाने लपवलं. मग पुरावा म्हणून त्या बाईचा एक मूळ अर्जच जोडून दिला. खालची सही कात्रीने कापली होती, बाकी अर्ज पूर्ण. पाय आधी, डोकं मागून, म्हणतेस ते खरं आहे.

अर्जात लिहिलंय, 'सदर दोन रवोल्या रवाली असून कोणासही किरायाने दिलेल्या नाहीत व देण्याचा विचार नाही.'

असा ख जगात एकच बाई लिहिते. तिचं बोट मी वाळूत धरलं होतं.

रडलो, पारू. लपवून काय करू? बापूसाहेबांनी खालून विचारलं, "काय केरबा, गुडघा धरला का?" म्हणालो, "गुडघा न्हाई साहेब, गळा." ते वर आले, माझ्या शेजारी पायरीवर बसले आणि अर्ज वाचला. मग म्हणाले, "किल्ली मी दिली होती, आता मीच परत घेतो. इसार सोडा, गाडी बघा."

पण एक सांग. सात वर्षं? आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस?

दादा

⁂

लातूर,
२५ मार्च १९८६

ती. दादास,
मूर्ख बाईचा सविनय जय भीम.

तुझं ते पत्र मी आधी वाचलं आणि तो शब्द खोडणार नाही. फ्रेम करून लावीन.

तारेने मात्र गल्लीत कहर केला. तारवाला दिसला की मेल्याची बातमी, एवढंच इथे ठाऊक. मी ड्यूटीवर होते. समोरच्या चांगुणाबाईने तार हातात घेतली आणि न उघडता रडायला सुरुवात केली. चार बाया जमल्या. गुरुपादप्पांनी फोडून वाचली आणि म्हणाले, "गप बसा की. मेलं कोन न्हाई. कोन तरी येऊन राहिलंय." मी आले तेव्हा अंगणात पंधरा माणसं, डोळे पुसत चहा पिऊन राहिली होती. आठ दिवसांचं पाणी एका चहात गेलं.

आता ऐक. एकोणऐंशी साली हे घर विकायला निघालं. दोन भावांनी वाटून घेतलेलं, म्हणून दोन नंबर, दोन दारं, मधे एक दार. मला दोनच खोल्या पुरत होत्या. मी चारही घेतल्या. लहानपणी रेणेच्या वाळूत आपण रेघा मारून घर करायचो, ही माझी खोली, ही तुझी, आणि मधलं दार पायाने पुसून मोकळं ठेवायचो. ते मधलं दार बघितलं आणि मला मोह आवरला नाही. तुला सांगितलं असतं, पण तेव्हा वहिनीचं दुखणं सुरू झालं होतं. तिला सोडून लातूरला चल असं कसं म्हणू? आणि ती गेल्यावर तू म्हणालास, बहिणीच्या घरी राहणार नाही. म्हटलं, ठीक आहे, वाट बघू. घरपट्टी बघून तरी येईल.

जिल्हा झाला त्या साली रोज दोघं-तिघं दारात यायचे. साहेब, मास्तर, ओव्हरसियर. "सिस्टर, खोल्या खाली हायत म्हनं?" मी सांगायचे, नाही, भरलेल्या आहेत. कोण राहतं? माझा दादा राहतो. दिसत न्हाई कधी? कामावर गेलाय.

नांदेडला सतरा दारांवर तुला 'भरलेली आहे' म्हणून सांगितलं, ते तू हसत हसत सांगतोस. मला त्याचं हसू कधीच आलं नाही. म्हणून सगळ्या जगाला सांगत आले, भरलेली आहे, आणि कागदावर तुझ्यासाठी खाली ठेवली. नगरपालिकेशी मात्र कधी खोटं बोलले नाही, तुझी बहीण आहे.

फुकट देणार नाही, भिऊ नको. मला पडली त्या किमतीला अर्धं घर तुला विकते. तुझा नंबर वेगळा, तुझं दार वेगळं, पावती तुझ्या नावाची. मधल्या दाराला दोन्हीकडून कडी आहे. भांडण झालं तर लाव.

पण एकशे चौदा पडतील, दादा. नांदेडपेक्षा अठरा रुपये जास्त. विचार करून ये.

तुझी,
पारू

⁂

लातूर, घर तुझ्या शेजारचं,
१९ जून १९८६

पारू,

तू ड्यूटीवर आहेस म्हणून ही चिठ्ठी मधल्या दाराच्या फटीतून सरकवतो. पोस्टाची सवय एकदम सुटत नाही.

नळ अकराव्या दिवशी आला. तुझे तीन हंडे भरले, माझे दोन, आणि गुरुपादप्पांची घागर. ते वाटून घेऊ म्हणाले होते, ते आपल्याकडूनच सुरू झालं.

दुपारी बसवराज आला. कडी वाजली. बत्तीस वर्षं मी कडी बाहेरून वाजवली, आज पहिल्यांदा आत बसून ऐकली. फार वर्षांची एक इच्छा होती, ती पुरवून घेतली. आतून म्हणालो, "घरी कोणी नाही."

बाहेरून तो शांतपणे म्हणाला, "बरं. मग पुन्यांदा खालीच लिहितो."

गुडघा विसरून धावत दार उघडलं.

पावती तुझ्या उशाशी ठेवायची होती, पण हातातून सोडवत नाही, संध्याकाळी दाखवतो. नाव, केरबा लिंबाजी. सगळी अक्षरं जुळलेली आहेत. शेऱ्याच्या रकान्यात 'खाली' ह्या शब्दावर तांबडी रेघ मारून पुढे लिहिलंय, 'मालक स्वतः राहतात.' रक्कम एकशे चौदा, मी तिथल्या तिथे भरली.

वाढलेल्या पट्टीवर तक्रार करायला पंधरा दिवसांची मुदत असते. सगळे करतात, मीसुद्धा लोकांना करायला शिकवायचो. बसवराजने त्याचा कागद पुढे केला. मी त्यावर माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात लिहून सही केली, 'हरकत नाही.'

दादा